टिकटिक इंजिनाची, इशारा लाल दिव्याचा



गेल्या महिन्यात हसनाबादहून (ता. भोकरदन, जि. जालना) एका भगिनीचे पत्र आले. गाड्यांविषयीच्या या सदराला बहुतेक पत्रे पुरुषांची येतात, म्हणून हे पत्र आम्ही दोनदा वाचले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे:

"आमच्या घरी सात सीटची जुनी डिझेल गाडी आहे. आठ महिन्यांपूर्वी सेकंड हँड घेतली. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जालन्याला न्यावे लागते, त्यासाठीच घेतली. घेतली तेव्हा इंजिन शांत होते. दोन महिन्यांपूर्वी ऑइल बदलले आणि तेव्हापासून टिकटिक सुरू झाली. आता गाडी गरम झाली आणि कुठे थांबली की समोरचा लाल दिवा मिणमिणतो. रेस दिली की विझतो. एक उस्ताद म्हणतात, जाड ऑइल टाका, आवाज बंद होईल. दुसरे म्हणतात, इंजिन गेले, पूर्ण काम करावे लागेल. माझे दीर म्हणतात, जाड ऑइल टाकून विकून टाका, आपल्यालाही कुणीतरी अशीच दिली. मी गाडी चालवत नाही, पण घरातले पैसे मी सांभाळते. खरे काय समजावे?"

या प्रश्नाचे उत्तर पत्रातून देणे बरोबर नव्हते. इंजिनाचा आवाज कागदावर ऐकू येत नाही आणि तेलाचा दाब अंदाजाने सांगता येत नाही. म्हणून दाब मोजायचा गेज पिशवीत टाकला आणि एका रविवारी दुपारी आम्ही हसनाबादला पोहोचलो.

पहिली गोष्ट: दिवा नेमके काय सांगतो

घरी गेल्यावर चहा झाला. बाजींचे पती म्हणाले, "भाई, ऑइल तर पूर्ण आहे. मी कालच बघितलं. मग दिवा का लागतो?"

हा गैरसमज जवळपास प्रत्येक घरात आहे. तेलाच्या किटलीचे चित्र असलेला लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. तो तेलाचा दाब सांगतो. तेल मोजण्यासाठी बोनेटखाली डिपस्टिक असते. काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा, बहुधा पिवळा दिवा असतो. लाल किटली मात्र दाबाची आहे.

इंजिनाच्या तळाशी जे पात्र असते त्याला आपल्याकडे सगळे मिस्त्री चेंबर म्हणतात. त्यात तेल साठते. चेंबरमध्ये एक जाळी बुडालेली असते. ऑइल पंप त्या जाळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून पाठवतो आणि दाबाने क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, तिथून वर हेडमध्ये टॅपेटपर्यंत पोहोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरचा काही शतांश भाग इतकीच जागा असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी. त्या जागेत दाबाचे तेल असेल तोवर लोखंड लोखंडाला शिवत नाही. क्रँक तेलावर तरंगत फिरतो. दाब गेला की तो थेट बेअरिंगवर बसतो आणि काही मिनिटांत बेअरिंग खरवडले जाते. मग इंजिन जाम होते.

बहुतेक गाड्यांत हा दिवा पेटवणारा स्विच ०.३ ते ०.५ बारच्या आसपास काम करतो. सुदृढ, गरम इंजिनाचा दाब आयडलला साधारण एक बारच्या आसपास असतो आणि दोन-तीन हजार फेऱ्यांवर दोन ते चार बारपर्यंत जातो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब घटून घटून शेवटच्या पायरीवर आलेला असतो. पेट्रोलचा काटा खाली आला तर दहा-वीस किलोमीटर जाता येते. लाल किटली लागल्यावर तशी सवलत नसते.

आम्ही विचारले, "दिवा मिणमिणतो तेव्हा आपण काय करता?"

ते थोडे थांबून म्हणाले, "रेस देतो. अम्मी मागे असतात. डायलिसिसची वेळ चुकवता येत नाही."

त्यांची अडचण खरी होती. तरीही आम्ही त्यांना एकच गोष्ट स्पष्ट सांगितली: गाडी नीट तपासून होईपर्यंत अम्मींना या गाडीत बसवायचे नाही. राजूरच्या पुढे कुठेतरी इंजिन बसले तर डायलिसिसही चुकेल आणि अम्मी भर उन्हात रस्त्यावर राहतील. बाजींनी लगेच शेजारच्या घरी निरोप पाठवला. दोन खेपांची सोय शेजाऱ्यांच्या गाडीतून झाली. या सगळ्या दुरुस्तीत आम्हाला विचाराल तर हे काम सर्वात महत्त्वाचे होते आणि त्याला पाना लागला नाही.

दुसरी गोष्ट: आवाज कुठला

आता टिकटिक. गाडीतला प्रत्येक टिकटिक आवाज तेलाचा नसतो. घाबरण्याआधी चार शक्यता वेगळ्या कराव्यात.

इंजेक्टर : आजच्या डिझेल आणि पेट्रोल दोन्ही गाड्यांत इंजेक्टरचा हलका, एकसारखा, कोरडा चटचट आवाज येतो. थंड-गरम, कसाही असो, तो सारखाच राहतो. तो बहुधा निरोगी असतो.

एक्झॉस्टची गळती : इंजिन आणि सायलेन्सरच्या पाइपमधल्या जोडावर पॅकिंग गेले की फटफट किंवा टिकटिक होते. सकाळी थंड असताना जास्त आणि लोखंड तापून फुगले की कमी. जोडाजवळ काजळीची काळी रेघ दिसते.

टॅपेट : आवाज वरून, हेडच्या झाकणाखालून येतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून हा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या चालीने पडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर एका सैल टॅपेटचे ठोके मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला सहा-सात.

बेअरिंग : आवाज खालून येतो. टिकटिकीऐवजी तो जड ठकठक असतो. रेस दिली किंवा चढावर भार आला की वाढतो. हा आवाज ऐकला की गाडी टो करून न्यावी, चालवत नेऊ नये.

आवाज कुठून येतो ते शोधण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. फिरते पट्टे आणि पंखा यांच्यापासून हात, ओढणी, बाही दूर ठेवावी, कारण बोनेटखालचे अपघात याच कामात होतात.

हसनाबादच्या गाडीत आवाज वरून येत होता. गाडी थंड होती तेव्हा सुरू केली तर पहिली पाच-सहा मिनिटे जवळजवळ काही नाही. गरम झाली, आयडलला आली आणि टिकटिक सुरू. हे लक्षण बोलके आहे. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत.

इथे जुन्या वाचकांसाठी थोडे सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी पद्मिनी असो किंवा १९८३ साली आलेली मारुती ८००, त्यांच्या टॅपेटची फट हाताने सेट करावी लागे. मिस्त्री फिलरची पातळ पत्री घालून ती मोजत. पुढे अनेक इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले. त्यात तेल भरते आणि तेलाच्या दाबावर फट आपोआप मिटते. सेट करण्याची कटकट गेली, पण टॅपेट तेलाच्या दाबावर अवलंबून झाले. गरम झाल्यावर तेल पातळ होते, दाब उतरतो, टॅपेट पूर्ण भरत नाहीत आणि टिकटिक करतात. म्हणजे इथे टिकटिक आणि लाल दिवा ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे असावीत. तसे आहे की नाही हे फक्त गेज सांगू शकत होता.

तिसरी गोष्ट: गेज लावा

संध्याकाळी गाडी हळूहळू गावातल्याच गॅरेजवर नेली. हे तेच उस्ताद, ज्यांनी जाड ऑइल सुचवले होते. आम्ही काय करणार आहोत ते ऐकून ते हसले. म्हणाले, "भाई, पंचवीस वर्षं झाली, कानच आपला गेज." त्यांचा कान खरोखर तयार आहे, हे आम्ही पुढे पाहिलेच. पण कानाला बार समजत नाहीत.

काम सोपे आहे. इंजिनावरचा ऑइल प्रेशर स्विच काढायचा, त्या जागी योग्य आट्याचा यांत्रिक गेज बसवायचा आणि इंजिन पूर्ण गरम करून आकडे लिहायचे. स्विच किंवा त्याची वायर खराब असेल तर दिवा उगाच लागतो. गेजवर दाब चांगला निघाला तर काही शे रुपयांच्या स्विचवर काम भागते. म्हणून इंजिन उघडण्याआधी गेज लावावाच.

गरम इंजिनाचे आकडे असे आले. आयडलला ०.४ बार. २००० फेऱ्यांवर १.४ बार. ३००० फेऱ्यांवर काटा वर जायला हवा होता, पण तो १.२ वर उतरला आणि थरथरू लागला.

उस्ताद गेजवर वाकले. "हे उलटं कसं?" त्यांनीच विचारले.

यातच उत्तर होते. बेअरिंग झिजले असतील तर आयडलला दाब फार कमी मिळतो, पण रेस दिली की पंप जास्त तेल ढकलतो आणि काटा चढतो. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर काटा एका खालच्या आकड्याशी येऊन स्थिर थांबतो. रेस दिल्यावर काटा उतरून थरथरला तर पहिला संशय जाळीवर घ्यावा. पंप मागतो तेवढे तेल त्याला खालून मिळत नाही आणि तो तेलाबरोबर हवा ओढू लागतो.

चौथी गोष्ट: चेंबरमध्ये काय सापडले

सोमवारी सकाळी गाडी स्टँडवर घेतली. (फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, एक मिनिटही जाऊ नये.) खालून पाहताच चेंबरला तळहात मावेल एवढा पोचा दिसला. शेतातल्या वाटेवरचा दगड किंवा एखादा उंच गतिरोधक. असा पोचा आपल्या भागातल्या कित्येक गाड्यांना असतो आणि तेल गळत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यात मुळातच काही मिलिमीटर अंतर असते. तळ आत दबला की ते अंतर संपते आणि जाळीचे तोंड झाकले जाते.

चेंबर उतरवल्यावर दुसरी गोष्ट दिसली. जाळीत काळा गाळ होता आणि त्यात रबरासारखे तुकडे अडकले होते. उस्तादांनी एक तुकडा बोटांत चुरडला आणि म्हणाले, "सिलिकॉन." कधीतरी, कुणीतरी हा चेंबर उतरवून परत बसवताना सिलिकॉनची जाड भिंत लावली होती. बाहेर आलेला भाग दिसतो आणि पुसला जातो. आत आलेला भाग तुटून तेलात पडतो आणि सरळ जाळीत जातो. अशा कामाला पातळ, अखंड रेघ पुरते.

चेंबर उतरलेलाच होता, म्हणून एका कनेक्टिंग रॉडची टोपी खोलून बेअरिंगची पत्री पाहिली. करड्या रंगाची होती, बारीक ओरखडे होते, पण आतले तांबे उघडे पडले नव्हते. तेलात लोखंडाचे चकाकणारे कणही नव्हते. म्हणजे झीज झाली होती, पण इंजिन गेलेले नव्हते. "पूर्ण काम" सांगणारे उस्तादही सगळे चुकीचे नव्हते. ती पायरी अजून यायची होती, इतकेच.

पोचा ठोकून काढला. जाळी धुऊन, हवेने साफ करून, उजेडासमोर धरून पाहिली. नवे पॅकिंग, नवा फिल्टर, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे नवे तेल. सिलिकॉन सुकायला रात्रभर वेळ दिला. मंगळवारी सकाळी इंजिन सुरू केले आणि पूर्ण गरम केले. आयडलला ०.९ बार, २००० वर २.३, ३००० वर ३.० आणि काटा स्थिर. टिकटिक दोन-तीन मिनिटांत विरली. दिवा लागला नाही.

पाचवी गोष्ट: जाड तेलाने काय लपवले होते

बाजींच्या पत्रातला सर्वात चांगला प्रश्न अजून बाकी होता. गाडी घेतली तेव्हा शांत होती आणि ऑइल बदलल्यावरच वाजू लागली, मग नवे ऑइल खराब होते का?

त्यांच्या पतींना एक गोष्ट आठवली. पहिले ऑइल काढले तेव्हा इंजिन गरम असूनही ते काकवीसारखे जाड, हळूहळू पडत होते. गरम इंजिनातून योग्य तेल तसे पडत नाही. गाडी विकण्याआधी तिच्यात फार जाड ग्रेडचे तेल किंवा तेल घट्ट करणारे औषध घातले गेले असावे. ऑइल बदलताना पुस्तिकेप्रमाणे योग्य तेल आले आणि दडलेला आवाज वर आला. नव्या तेलाने बिघाड केला नाही, तो दाखवला.

तेलाच्या डब्यावरचे आकडे इथे समजून घ्यावेत. १५डब्ल्यू-४० यात 'डब्ल्यू'आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके तेल सकाळी लवकर वर पोहोचते. पुढचा आकडा गरम इंजिनात तेल किती जाड राहते ते सांगतो. डब्यावर एपीआयची खूण असते. त्यात एस ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी आणि सी ने सुरू होणारी डिझेलसाठी. नव्या पेट्रोल गाड्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० इतके पातळ तेल सांगितलेले असते, कारण त्यांच्यातल्या फटी आणि पंप त्या तेलाच्या हिशोबाने बनवलेले असतात.

"आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, मग जाड तेल बरे नाही का?" असे विचारले जाते. पुस्तिकेत हवामानाप्रमाणे एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतील तर त्यांतला जाड जरूर निवडावा. पुस्तिकेबाहेर जाऊन आवाज दाबण्यासाठी तेल जाड करणे मात्र वेगळे. हसनाबादच्या गाडीतच पाहा. जाळी आधीच अर्धी बंद. त्यातून पातळ तेल कसेबसे ओढले जात होते. जाड तेल आणखी कमी ओढले जाते, विशेषतः सकाळी थंड असताना. म्हणजे वर टॅपेट गप्प बसतात, दिवा लागत नाही, घरचे निश्चिंत होतात आणि खाली बेअरिंग उपाशी राहतात. त्या बारीक ओरखड्यांतले काही त्या काळातले असू शकतात.

उस्तादांशी आम्ही यावर बराच वेळ बोललो. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "गिऱ्हाईक सांगतं, आवाज बंद करा. आम्ही आवाज बंद करतो." हे ऐकून आम्हाला वाटले, दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आपण गॅरेजवर जाऊन काय मागतो, यावरही पुष्कळ काही ठरते. "आवाज बंद करा" असे म्हणण्याऐवजी "आधी दाब मोजा" असे म्हणावे. निघताना गेज कुठे मिळतो ते त्यांनी विचारून घेतले.

सहावी गोष्ट: विकायची की ठेवायची

मंगळवारी दुपारी बाजींचे दीरही आले होते. तरुण आहेत, कष्टाळू आहेत आणि भावाची फसवणूक झाली याचा राग त्यांच्या मनात आहे. ते म्हणाले, "ज्याने विकली त्याने जाड ऑइल घालून आमचे पैसे घेतले. आम्ही खरं सांगत बसलो तर आमचे पैसे कोण परत देणार?"

त्यांचा हिशोब समजण्यासारखा आहे. मूळ विक्रेत्याला जाऊन विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि तो त्यांनी बजवावा. पण जाड तेल घालून पुढे विकली असती तर नुकसान मूळ विक्रेत्याचे झालेच नसते. ते तिसऱ्याच घराचे झाले असते आणि त्या घरातही मागच्या सीटवर कुणाची तरी अम्मी असू शकते. ऐब लपवून माल विकल्याने कमाईचे काय होते, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. ते त्यांना ठाऊक होते आणि ते खाली पाहू लागले यावरून आम्हालाही कळले.

बाजींनी मग सरळ हिशोब मांडला. चेंबर, जाळी, पॅकिंग, फिल्टर, तेल आणि मजुरी मिळून झालेला खर्च पूर्ण इंजिनाच्या कामापुढे अगदी थोडा होता. गाडी ठेवायची ठरली. पण आम्ही त्यांना खोटा धीर दिला नाही. गरम आयडलचा ०.९ बार हा चालण्याजोगा आकडा आहे, तरुण इंजिनाचा नाही. बेअरिंग पुढेमागे बदलावे लागतील. त्यासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा गेज लावावा. आकडा उतरत असेल तर बेअरिंग आधीच बदलून घ्यावेत, म्हणजे क्रँक वाचतो. क्रँक खराब झाल्यावर तेच काम कित्येक पट महाग पडते.

आपल्या घरासाठी

हे सदर घरातल्या सगळ्यांसाठी आहे, म्हणून गाडी न चालवणाऱ्यांनाही करता येतील अशा गोष्टी लिहितो.

१. आठवड्यातून एकदा, सकाळी, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा, कापडाने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेच्या वर भरू नये. जास्त तेल क्रँकने घुसळले जाते, त्याला फेस येतो आणि फेसाचा दाब टिकत नाही.

२. पातळी घटत असेल तर गाडी उभी असते तिथली जमीन पाहा. डाग असेल तर गळती आहे. डाग नसेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर तेल जळते आहे.

३. पातळी न भरता वाढत असेल तर आनंद मानू नका. तेलात इंधन किंवा पाणी उतरते आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी जादा डिझेल जाळतो. गाडी रोज फक्त गावातल्या गावात, थोडे अंतर चालत असेल तर ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल तेलात उतरून ते पातळ होते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. गाडी चालवू नका.

४. डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, तो दोष नव्हे. रंगापेक्षा किलोमीटर आणि महिने पाहा. कंपनीने सांगितलेले जे आधी येईल ते धरा.

५. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी लाल किटली दिसायलाच हवी आणि सुरू होताच विझायला हवी. किल्ली ऑन केल्यावर ती दिसतच नसेल तर दिवा किंवा त्याची जोडणी बिघडली आहे. काही जण विकताना दिवा तोडून ठेवतात. जुनी गाडी घेताना हे नक्की पाहा.

६. जुनी गाडी घ्यायची असेल तर ती थंड असताना सुरू करा, अर्धा तास चालवा आणि गरम झाल्यावर आयडलला पाच मिनिटे ऐका. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड होईपर्यंत थांबा. चेंबरला खालून हात लावून पाहा. जमले तर गेज लावून घ्या.

७. चालत्या गाडीत लाल किटली लागली तर सुरक्षित जागा पाहून बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. रेस देऊन दिवा विझवू नका. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. तेल कमी असेल तर योग्य तेल भरा, सुरू करा, दिवा विझला तर जवळच्या गॅरेजपर्यंत जा. तेल पूर्ण असूनही दिवा लागत असेल तर पुन्हा सुरू करू नका, टो करून न्या.

हसनाबादहून परवा फोन आला होता. अम्मींच्या जालन्याच्या खेपा आता याच गाडीतून होतात. बाजींनी किराण्याच्या हिशोबाच्या वहीत शेवटची दोन पाने गाडीसाठी ठेवली आहेत. तारीख, किलोमीटर, डिपस्टिकची पातळी आणि गेजचे ते तीन आकडे. चेंबर ठोकून काढला हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. गाडी कधी विकली तर ही दोन पाने फाडून गाडीबरोबर द्यायची, असे त्यांचे ठरले आहे. हे ठरवले कुणी, असे आम्ही विचारले. "दीरांनी," त्या म्हणाल्या.

आपल्या गाडीचा आवाज, दिवा, धूर, काहीही असो, पत्र लिहा. गाडीचे साल, किती किलोमीटर झाले, कोणते तेल घातले आणि आवाज थंड असताना येतो की गरम, एवढे जरूर लिहा. पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.